चांगला राजा पुरत का नाही?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, ‘तू आयटीतली, तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोल.’ मी म्हटलं, त्या विषयावरची भाषणं तुम्हाला रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फुकट मिळतात. वीस मिनिटं देणार असाल तर मी इतिहासावर बोलते. ज्यांना इतिहासाच्या तासाला झोप यायची, त्यांनी आज जेवणानंतर ती परंपरा चालू ठेवायला हरकत नाही.

चाळिशी ओलांडली की एक वाक्य आपल्या सगळ्यांच्या तोंडी यायला लागतं. सोसायटीची सभा तीन तास चालते आणि पाण्याच्या टाकीचा निर्णय होत नाही. ऑफिसात पाच बैठका होतात आणि सहावी ठरते. मग कुणीतरी म्हणतं, ‘ही चर्चा पुरे. एक हुशार, प्रामाणिक, खमक्या माणूस बसवा आणि त्याला मोकळा हात द्या. बघा कसं सुतासारखं सरळ होतं ते.’ आणि आपण सगळे माना डोलावतो.

हा प्रयोग युरोपात खरोखर झालेला आहे. माणूस हुशार होता, प्रामाणिक होता, कामाला वाघ होता आणि त्याचे हात अगदी मोकळे होते. त्याचं काय झालं, ते मला सांगायचं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. शाळेत आपण ‘प्रबोधन’ हा शब्द शिकलो, तो रेनेसाँसाठी. त्यानंतरचं, मुख्यतः अठराव्या शतकातलं, जे वैचारिक पर्व आहे त्याला मी ‘ज्ञानोदय’ म्हणते. परंपरेनं चालत आलंय म्हणून ते बरोबर, असं मानायचं नाही, बुद्धीला पटलं पाहिजे, ही त्याची मूळ भूमिका. ती राज्यकारभाराला लावल्यावर दोन वेगळे विचार निघाले. शाळेत आपण ते एकाच उत्तरात लिहायचो, पण ते वेगळे ठेवायला हवेत.

पहिला विचार असा, की राज्य बुद्धीनं चालवावं. छळ करून कबुलीजबाब घेऊ नये, धर्मावरून माणसाला नाडू नये, कर न्याय्य असावेत, शाळा काढाव्यात. दुसरा विचार असा, की राजाची सत्ता ही लोकांच्या संमतीतून येते आणि तिला मर्यादा हव्यात. इंग्लंडच्या जॉन लॉकनं हे १६८९ च्या सुमारास मांडलं. फ्रान्सच्या मॉन्तेस्क्यूनं १७४८ मध्ये सांगितलं, की कायदा करणारे, तो राबवणारे आणि न्याय देणारे हात वेगवेगळे ठेवा. रूसोनं १७६२ मध्ये तर सार्वभौमत्व थेट जनतेकडेच दिलं.

आता गंमत पाहा. युरोपातल्या अनेक राजांना पहिला विचार फार आवडला. दुसरा मात्र त्यांनी हळूच बाजूला ठेवला. प्रशियाचा फ्रेडरिक दुसरा स्वतःला राज्याचा पहिला सेवक म्हणवून घ्यायचा आणि व्हॉल्तेअरला त्यानं आपल्या दरबारी ठेवून घेतलं होतं. रशियाच्या कॅथरीननं दिदरोचं ग्रंथालय विकत घेतलं आणि ते वापरायला त्याच्याकडेच ठेवलं. १७६७ मध्ये तिनं नवे कायदे करायला पाचशेहून जास्त प्रतिनिधींचा आयोग बोलावला. पण सरदारांच्या जमिनीला बांधलेल्या भूदासांचा त्यात एकही प्रतिनिधी नव्हता. या राजांना इतिहासकार ‘प्रबुद्ध हुकूमशहा’ म्हणतात. त्यांच्यातला सगळ्यात प्रामाणिक, आणि म्हणून सगळ्यात शिकवून जाणारा, तो ऑस्ट्रियाचा सम्राट जोसेफ दुसरा. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी त्याला पाहिलेलं आहे. ‘अमाडेयस’ या सिनेमात मोझार्टचं संगीत ऐकणारा सम्राट तो हाच.

जोसेफ हा मारिया थेरेसाचा मोठा मुलगा आणि फ्रान्सच्या मारी आंत्वानेतचा भाऊ. १७६५ पासून तो आईबरोबर राज्य करत होता. नोव्हेंबर १७८० मध्ये आई गेली आणि सगळी सत्ता एकट्याच्या हातात आली. हॅब्सबर्ग घराण्याचं हे राज्य म्हणजे आजचा ऑस्ट्रिया, चेक प्रदेश, हंगेरी, ट्रान्सिल्व्हानिया, बेल्जियम आणि आणखी बरंच काही.

राजवाड्यात लोळत पडणाऱ्यांपैकी हा नव्हता. ‘काउंट फाल्केनश्टाइन’ असं नाव घेऊन साध्या पोशाखात तो राज्यभर हिंडायचा. १७६९ मध्ये मोराव्हियातल्या एका शेतात उतरून त्यानं स्वतः नांगर धरला होता. व्हिएन्नाच्या राजवाड्यातल्या एका बोळात उभं राहून तो कुणाचेही अर्ज स्वतःच्या हातानं घ्यायचा. शिकारीची राखीव जागा असलेलं प्राटर त्यानं सगळ्यांना फिरायला खुलं केलं.

आणि कामाचा झपाटा! साधारण नऊ वर्षांत त्यानं सुमारे ६,००० फर्मानं काढली असं सांगतात. हिशेब केला तर दिवसाला जवळजवळ दोन. त्यातली काही नुसती ऐकली तरी आपल्याला टाळ्या वाजवाव्याशा वाटतील. १७८१ मध्ये सेन्सॉरशिप सैल केली. त्याच वर्षी प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांना आपला धर्म पाळायची मुभा दिली. जिथे १०० कुटुंबं असतील तिथे त्यांनी प्रार्थनाघर बांधावं, फक्त त्याला मनोरा नको, घंटा नको आणि रस्त्याच्या बाजूनं दार नको. १७८२ मध्ये व्हिएन्नाच्या ज्यूंवरची बरीच बंधनं उठवली. १७८४ मध्ये व्हिएन्नात मोठं सार्वजनिक रुग्णालय सुरू केलं. १७८७ च्या फौजदारी कायद्यात सर्वसाधारण गुन्ह्यांसाठीची फाशी रद्द केली.

सगळ्यात मोठं काम भूदासांचं. बोहेमिया आणि मोराव्हियातला शेतकरी जमीनदाराच्या परवानगीशिवाय लग्न करू शकत नव्हता, गाव सोडू शकत नव्हता, दुसरा धंदा शिकू शकत नव्हता. १ नोव्हेंबर १७८१ च्या फर्मानानं या तिन्ही गोष्टींची मोकळीक मिळाली. वेठ मात्र राहिली. वेठ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर आठवड्यातले ठरावीक दिवस फुकट राबणं. चेक भाषेत तिला ‘रोबोता’ म्हणतात. आमच्या क्षेत्रातला ‘रोबो’ हा शब्द त्याच मुळातून, कारेल चापेकच्या १९२० च्या एका नाटकातून जगभर गेला. ही वेठही काढायची असं जोसेफनं ठरवलं. १७८९ च्या करसुधारणेत त्यानं सांगितलं, की शेतकऱ्याच्या १०० गुल्डेन उत्पन्नापैकी ७० त्याच्याकडेच राहतील. उरलेल्या ३० मधले साधारण १२ सरकारला, १८ जमीनदाराला, तेही रोख. फुकट राबणं बंद.

आता मला सांगा, यात चूक काय? एकेक निर्णय आजच्या कसोटीवर घासला तरी बहुतेक बरोबर निघतात. मग बिघडलं कुठे?

एक छोटं उदाहरण घेते. १७८४ मध्ये जोसेफनं अंत्यसंस्कारांचे नियम काढले. लाकूड वाया जातं, गावात दफन केल्यानं रोगराई वाढते, म्हणून प्रेत तागाच्या पिशवीत शिवून गावाबाहेर पुरायचं. शवपेटी एकच, पुन्हापुन्हा वापरायची. तिला खाली दार. कळ दाबली की दार उघडतं, प्रेत खड्ड्यात पडतं आणि पेटी पुढच्या माणसासाठी मोकळी. व्हिएन्नाच्या अंत्यसंस्कार संग्रहालयात अशी पेटी ठेवलेली आहे. इंजिनिअर म्हणून मी त्या रचनेला दाद देईन. पण ज्या बाईचा नवरा गेलाय, तिच्यासमोर ती कळ दाबायची आहे, याचा विचार त्या कागदावर कुठेच नव्हता. लोक इतके खवळले, की काही महिन्यांतच, जानेवारी १७८५ मध्ये, हुकूम मागे घ्यावा लागला.

मोठ्या बाबतीतही हेच झालं. हंगेरीच्या राजानं राज्याभिषेकाच्या वेळी तिथले कायदे पाळायची शपथ घ्यायची, ही शेकडो वर्षांची प्रथा. शपथ घेतली तर हात बांधले जातील, म्हणून जोसेफनं राज्याभिषेकच करून घेतला नाही. हंगेरीचे लोक त्याला ‘टोपीवाला राजा’ म्हणू लागले, कारण त्यानं मुकुट कधी घातलाच नाही. उलट १७८४ मध्ये तो पवित्र मुकुट त्यानं व्हिएन्नाला नेऊन ठेवला. त्याच वर्षी हंगेरीचा कारभार लॅटिनऐवजी जर्मनमध्ये करण्याचा हुकूम काढला आणि अधिकाऱ्यांना भाषा शिकायला मुदत घालून दिली. त्याचं कारण अगदी तर्कशुद्ध होतं: लॅटिन कुणाचीच बोलीभाषा नाही, आणि एवढ्या राज्याला एक भाषा हवी. भाषेच्या बाबतीत असलं तर्कशास्त्र किती चालतं, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं, त्या शेतकऱ्यांचं काय? ट्रान्सिल्व्हानियात होरिया नावाचा एक रुमानियन शेतकरी होता. गावकऱ्यांची गाऱ्हाणी घेऊन तो व्हिएन्नापर्यंत गेला होता. सम्राट आपल्या बाजूनं आहे असा लोकांचा ठाम समज झाला, आणि १७८४ च्या अखेरीस त्यांनी जमीनदारांविरुद्ध उठाव केला. सरदारांच्या गढ्या जाळल्या, माणसंही मारली. मग सम्राटाचंच सैन्य आलं. २८ फेब्रुवारी १७८५ ला होरिया आणि त्याचा साथीदार क्लोश्का यांना चाकावर हाडं मोडून ठार केलं गेलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जोसेफनं हंगेरी आणि ट्रान्सिल्व्हानियातल्या भूदासांनाही मोकळीक दिली. म्हणजे मागणी बरोबर होती हे त्याला मान्य होतं. फक्त ती खालून यायला नको होती. द्यायचं ते राजानं द्यायचं आणि त्याच्या सवडीनं द्यायचं. रयतेनं मागितलं तर ते बंड.

पुढे तुर्कांशी युद्ध, महागाई, आणि १७८९ मध्ये बेल्जियममध्ये उघड बंड. ज्यानं सेन्सॉरशिप सैल केली होती त्यानंच ती परत आवळली आणि काउंट पेर्गेनच्या हाताखाली गुप्त पोलिसांचं जाळं उभं केलं. हंगेरीचे सरदार करसुधारणा मानायला तयार नव्हते. जानेवारी १७९० मध्ये क्षयानं खंगलेल्या जोसेफनं हंगेरीतल्या जवळजवळ सगळ्या सुधारणा एका सहीनं मागे घेतल्या. धर्मसहिष्णुता आणि भूदासांची मोकळीक यांसारख्या थोड्याच ठेवल्या. २० फेब्रुवारीला तो गेला. वय ४८. म्हणजे जवळपास आपल्याच वयाचा.

गादीवर आला त्याचा भाऊ लिओपोल्ड. हा इटलीतल्या टस्कनीचा ग्रँड ड्यूक होता. १७८६ मध्ये त्यानं तिथे फाशी आणि छळ दोन्ही पूर्णपणे रद्द केले होते. त्याहून विशेष म्हणजे, आपली स्वतःची सत्ता मर्यादित करणाऱ्या राज्यघटनेचा मसुदा त्यानं तयार करवून घेतला होता. ती अमलात आली नाही, पण दुसरा विचार समजलेला राजा हा होता. जानेवारी १७९० मध्ये बहिणीला लिहिलेल्या पत्रात त्यानं म्हटलंय, की वंशपरंपरेनं आलेला राजासुद्धा शेवटी लोकांनी नेमलेला माणूस असतो. लिओपोल्डनं हंगेरीच्या सभेशी बोलणी केली. प्रोटेस्टंटांचे हक्क १७९१ मध्ये त्या सभेनंच कायदा करून मान्य केले. जे जोसेफच्या मेहरबानीवर होतं, ते आता कायद्यात आलं.

पण राज्य शांत ठेवायला लिओपोल्डला एक किंमत मोजावी लागली. १७९० मध्ये त्यानं ती करसुधारणा रद्द केली. वेठ परत आली. जोसेफच्या एका सहीनं शेतकऱ्याला मिळालेलं लिओपोल्डच्या एका सहीनं गेलं.

इथे तुमच्यातला कुणीतरी मला अडवेल, आणि अडवायलाच हवं. ‘अगं, जोसेफनं विचारलं असतं तरी कुणाला? सभांमध्ये बसले होते जमीनदारच. ते वेठ सोडायला हो म्हणाले असते का?’ नसते म्हणाले. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला सोपं उत्तर नाही. ‘सगळ्यांना विचारा’ म्हणताना ‘सगळे’ म्हणजे कोण, हा प्रश्न राहतोच. पण मग अडचण चर्चेची नव्हती. ज्याच्या पाठीवर वेठ होती त्याला खुर्ची नव्हती, ही अडचण होती. जोसेफ त्याच्या वतीनं बोलायला तयार होता. त्याला बोलू द्यायला तयार नव्हता.

ती खुर्ची मिळायला १८४८ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी व्हिएन्नात क्रांती झाली आणि पहिल्यांदा निवडून आलेली संसद बसली. तिच्यात हान्स कुडलिख नावाचा २४ वर्षांचा तरुण होता. सायलेशियातल्या एका वेठ करणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा, व्हिएन्नात कायदा शिकत होता. जुलैमध्ये त्यानं वेठ आणि तिच्याबरोबरचं सगळं दास्य रद्द करण्याचा ठराव मांडला. जमीनदारांना भरपाई द्यायची की नाही यावर आठवडेच्या आठवडे वाद झाला. आपल्या सोसायटीच्या सभेसारखाच, कंटाळवाणा आणि चिडचिडा. शेवटी भरपाई द्यायचं ठरलं आणि ७ सप्टेंबर १८४८ ला कायदा झाला.

पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. क्रांती चिरडली गेली. मार्च १८४९ मध्ये संसद बरखास्त झाली. १८५१ च्या शेवटी तरुण सम्राट फ्रान्झ जोसेफनं राज्यघटनाही रद्द केली आणि पुन्हा एकट्याचं राज्य सुरू केलं. कुडलिखला पळून जावं लागलं. त्याच्या गैरहजेरीत त्याला मृत्युदंड सुनावला गेला आणि पुढे अमेरिकेत डॉक्टरकी करत त्यानं आयुष्य काढलं. पण वेठ? ती परत आली नाही. ती परत आणायची सम्राटाची हिंमत झाली नाही, कारण आता ती राजाची भेट राहिली नव्हती. ते शेतकऱ्यांनी आपल्या माणसाकरवी, भर सभेत, भांडून मिळवलेलं होतं. जोसेफचा निर्णय झटपट आला आणि वर्षभरात गेला. संसदेचा निर्णय रडतखडत आला आणि संसद संपली तरी टिकला.

हा दुसरा विचार आपल्यापर्यंतही आला आहे. थॉमस पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ जोतीराव फुल्यांनी १८४७ मध्ये पुण्यात वाचलं. हक्क हे राजानं किंवा सनदेनं दिलेलं दान नसतं, ते माणसाचेच असतात, हा त्या पुस्तकाचा गाभा. आणि २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी जॉन स्टुअर्ट मिलचा दाखला देऊन इशारा दिला, की माणूस कितीही मोठा असला तरी आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका. लक्षात घ्या, त्यांनी दुष्ट माणसाबद्दल सांगितलं नाही. दुष्टापासून सावध राहायला कुणी सांगावं लागत नाही. त्यांनी मोठ्या माणसाबद्दल सांगितलं.

आमच्या कामात एक प्रश्न आम्ही नेहमी विचारतो. सगळे अधिकार असलेली चावी एकाच माणसाकडे असेल, तर तो माणूस किती चांगला आहे हे आम्ही बघत नाही. तो उद्या आजारी पडला, थकला, किंवा त्याच्या जागी दुसरा आला तर काय होईल, हे बघतो. राज्यघटना वाचताना मला तोच प्रश्न जागोजागी दिसतो.

आता शेवटचं, आणि ते घरचं आहे. आज संध्याकाळी आपण शाळेसाठी जमवलेल्या निधीचं काय करायचं ते ठरवणार आहोत. आपण सगळे हुशार आहोत, प्रामाणिक आहोत, शाळेवर आपला जीव आहे. म्हणजे जोसेफ व्हायला लागणारं सगळं भांडवल आपल्याकडे आहे. संगणक कक्ष हवा, डिजिटल फळा हवा, प्रवेशद्वारावर कमान हवी, अशा सूचना ग्रुपवर आल्या आहेत. चांगल्याच आहेत. पण आज जे या वर्गांत बसतात ती मुलं, त्यांना शिकवणारे शिक्षक, आणि रोज शाळा झाडणाऱ्या मावशी यांच्यापैकी कुणीही त्या ग्रुपवर नाही. माझी सूचना अशी, की आजच्या बैठकीत त्यांच्यातले काही जण बसावेत, आणि नुसते ऐकायला नाही, मत द्यायला. बैठक लांबेल, हे मी आताच सांगून ठेवते. चहा दोनदा करायला लागेल. तो करायची जबाबदारी आमच्या तुकडीची.